मिठाच्या रस्त्यांवर गाडी गंजू नये म्हणून तळाला काय लावायचं?

हिमवाट

गाडी चार वर्षांची हॅचबॅक आहे. आजवर कोरड्या, उबदार हवेतच चालली, त्यामुळे तळाला मीठ कधी लागलेलं नाही. आता ती अशा ठिकाणी जाणार आहे जिथे हिवाळ्याचे चार-पाच महिने रस्त्यावर मीठ टाकतात आणि पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. रात्री गाडी उघड्यावर राहील, दिवसा तापवलेल्या बंद पार्किंगमध्ये. अजून दहा वर्षं तरी वापरायची आहे.

चौकशी केली तर प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणतं काळा रबरी कोट मारून घ्या आणि विसरून जा. कुणी दर वर्षी तेल मारायला सांगतं, कुणी मेण. बॅटरीला जोडायची एक इलेक्ट्रॉनिक पेटीही मिळते, ती गंज धरूच देत नाही असा दावा आहे.

यातलं काय निवडावं आणि का? घरी करायचं तर सामान किती लागतं, चुकतं कुठे? हिवाळ्यात गाडी किती वेळा धुवावी? आणि ते तापवलेलं पार्किंग फायद्याचं की तोट्याचं?

लोहभस्म

गाडीला अजून मीठ लागलेलं नाही, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पहिला हिवाळा लागायच्या आत काम उरका. मीठ एकदा शिवणीत, म्हणजे दोन पत्र्यांच्या जोडात, शिरलं की ते पूर्ण बाहेर काढता येत नाही.

गंज धरायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढं पुरतं. मीठ त्यात तीन प्रकारे भर घालतं. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून गंजण्याची क्रिया झपाट्याने चालते. मिठातलं क्लोराइड पत्र्यावरचा संरक्षक पापुद्रा फोडतं. आणि तिसरी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागतं. कडक थंडीसाठी वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर ३०-३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे रस्ता सुकला, गाडीही वरून सुकलेली दिसते, पण सांध्यातला चिकट थर ओलाच असतो.

आता गंज सुरू कुठे होतो ते बघा. दाराचा खालचा काठ उदाहरण म्हणून घ्या. तिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटातून खाली येतं आणि निचऱ्याच्या भोकातून बाहेर पडतं. पण थोडं पाणी त्या दुमडीत, नखही शिरणार नाही अशा फटीत, ओढलं जाऊन बसतं. कारखान्यात बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेने चढवलेला पहिला थर जेमतेम २० मायक्रॉनचा असतो. कापलेल्या कडेवर तो आणखी पातळ. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून दुमड आतून फुगते. मग एक दिवस दाराच्या काठावर रंगाखाली मोहरीएवढे फोड ओळीने उभे राहतात. फोड दिसला याचा अर्थ आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं आहे.

दारांखालची लांब पोकळ पेटी म्हणजे सिल, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, डिकीच्या दाराचा तळ, जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनची चौकट, सगळीकडे हीच कथा. गंज आतून बाहेर येतो. म्हणून फक्त बाहेरून तळ काळा करून घेणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

काळ्या रबरी किंवा डांबरी कोटाला माझा स्पष्ट विरोध आहे. नवा असताना तो लवचिक असतो, खडे झेलतो, आवाजही कमी करतो. पण तो सुकून कडक होतो. थंडीत पत्रा आकसतो, गाडी पिळवटते, खडे बसतात, आणि कुठेतरी केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून खारं पाणी आत गेलं की कोट आणि पत्रा यांच्यामध्ये अडकतं. ते धुऊन निघत नाही, लवकर सुकत नाही, दिसतही नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. तपासणी करणाऱ्यालाही खालचा पत्रा कसा आहे ते कळत नाही. जुन्या, थोड्या गंजलेल्या तळावर तो मारणं तर सरळ नुकसान आहे.

उरतात तेल आणि मेण. दोन्ही मऊच राहतात, हाच त्यांचा गुण.

तेलाच्या गटात पातळ खनिज तेलं आणि लॅनोलिन येतं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. फ्लुइड फिल्म हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. ही सुकत नाहीत, दोन पत्र्यांच्या फटीत स्वतःहून सरपटत जातात आणि आधी धरलेल्या गंजातही मुरतात. चाकांच्या तडाख्यात मात्र एका हिवाळ्यात धुऊन जातात, म्हणून दर वर्षी पुन्हा मारावी लागतात.

मेणात डिनिट्रोल, नॉक्सुडॉल, टेक्टिल वगैरे येतात. पोकळीसाठी पातळ मेण असतं. ते आधी फटीत शिरतं, मग त्यातलं द्रावण उडून मऊ थर राहतो. तळासाठी जाड मेण वेगळं. पोकळीतला थर कित्येक वर्षं टिकतो, बाहेरचा दर वर्षी तपासून ठिगळं लावायची. जाड गंजाच्या पापुद्र्यात मात्र मेण तेलाइतकं खोल मुरत नाही.

तुमची गाडी स्वच्छ आहे, त्यामुळे पोकळीत पातळ मेण आणि तळाला जाड मेण, हे माझं उत्तर. हीच गाडी पाच हिवाळे मिठात चाललेली असती तर तेल सुचवलं असतं. एक मात्र आधीच ठरवा, कारण तेल एकदा लागलं की त्यावर मेण धरत नाही आणि रंग तर नाहीच नाही.

पत्र्याला जस्ताचा थर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोर्शने ९११ च्या १९७६ च्या मॉडेलपासून आणि ऑडीने १९८५ मध्ये १०० या गाडीला असा पत्रा वापरला. आज तो सर्रास असतो, आणि त्याने फरक पडतोच. पण जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. थर काही मायक्रॉनचाच, मिठात तो संपतो. शिवाय सस्पेन्शनचे आर्म, सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या या भागांना बहुधा नुसता रंग किंवा वेगळाच लेप असतो.

इलेक्ट्रॉनिक पेटीवर पैसे घालवू नका. जहाजाचा तळ किंवा जमिनीतली पाइपलाइन विजेने वाचवता येते, कारण ती धातू आणि तिला जोडलेला अ‍ॅनोड एकाच पाण्यात किंवा एकाच ओल्या मातीत असतात. गाडीवर पाण्याचे सुटे थेंब असतात, त्यांच्यामधून प्रवाह फिरायला सलग वाटच नाही.

पाना१३

वरच्या मताशी सहमत. आता प्रत्यक्ष कामाचं सांगतो. हवा १५ ते २५ अंशांच्या दरम्यान असेल असे सलग तीन कोरडे दिवस निवडा. एक दिवस धुण्याचा, एक सुकण्याचा, एक मारण्याचा. घाईत दुसरा दिवस गाळतात आणि तिथेच काम बिघडतं.

सामान: तुमच्या आकाराच्या गाडीला तळासाठी ३ ते ४ लिटर जाड मेण आणि पोकळ्यांसाठी दीड ते दोन लिटर पातळ मेण. कॉम्प्रेसर, जाड मालासाठी गन, आणि पोकळीसाठी ६० ते ९० सेंटिमीटरची लवचिक नळी, जिच्या टोकाला चहूकडे फवारणारा नोझल असतो. कॉम्प्रेसर नसेल तर नळीसकट मिळणारे स्प्रेचे डबे चालतात, फक्त महाग पडतात. सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क, चष्मा, हातमोजे, टाकाऊ अंगरखा. गाडी उचलायला भक्कम स्टँड किंवा रॅम्प, आणि चाकांना लाकडी अडसर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

आधी इंजिनाखालचं प्लास्टिक आणि चाकांच्या कमानीतली आतली आवरणं काढा. क्लिपा तुटतात, दहाएक जास्तीच्या आणून ठेवा. पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात, आवरणामागे, पानांचा आणि मातीचा गोळा सापडेल. तो ओल धरून ठेवतो आणि मडगार्ड नेमका तिथेच कुजतो. हा गोळा काढणं हे फुकटातलं सगळ्यात मोठं गंजरोधक काम. मग तळ ग्रीस काढणाऱ्या साबणाने धुऊन भरपूर साध्या पाण्याने खंगाळा.

२४ तास सुकू द्या, हवा दमट असेल तर ४८. पंखा खालून लावून ठेवा. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर पाणी खाली कोंडतं आणि मेण पापुद्र्यासारखं सुटतं.

सुकल्यावर सुटा गंज तारेच्या ब्रशने झाडा. ग्राइंडर चालवू नका, शिवणींवरचं कारखान्याचं सीलंट त्याने उडतं. मग ब्रेकच्या डिस्क, कॅलिपर आणि पॅड यांना प्लास्टिकची पिशवी बांधून टेपने बंद करा. डिस्कवर मेण गेलं तर ब्रेक धरणार नाहीत. सायलेन्सर आणि त्याची पूर्ण नळी, ऑक्सिजन सेन्सर, वायरींचे कनेक्टर, पट्टे हेही झाका. रबरी बुशांवर आणि अ‍ॅक्सलच्या रबरी बुटांवर थेट फवारू नका, विशेषतः तेल असेल तर. काही रबर तेलाने फुगतं.

आता पोकळ्या. सिलला, दारांच्या तळाला, डिकीच्या दाराला निचऱ्याची भोकं असतात, बरेचदा रबरी बुचंही असतात. आधी प्रत्येक भोकात प्लास्टिकची केबल टाय घालून माती काढा. बुचं मोजून बाजूला ठेवा. नळी पोकळीच्या शेवटच्या टोकापर्यंत सरकवा, मग फवारा सुरू करून ती सावकाश मागे ओढत आणा. दाब डब्यावर लिहिलेला पाळा, बहुधा तो ४ ते ६ बार असतो. खालच्या निचऱ्यातून मेणाचे थेंब टपकू लागले की ती पेटी भरली असं समजा. कुठे थेंब आले नाहीत तर आत आडवी भिंत आहे. तिच्या पलीकडे जायला दुसरं भोक शोधा.

नवी भोकं पाडू नका. कारखान्याची पुरेशी असतात, आणि भोक पाडल्यावर गंजाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तशीही ती वॉरंटी बहुतेक वेळा पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तरच लागू होते.

दारात मारताना काच पूर्ण वर करा. नळी तळाशीच ठेवा, नाहीतर स्पीकर आणि काचेची मोटर माखते. मधल्या खांबात, जिथे सीटबेल्टची गुंडाळी आणि तिला ताण देणारी यंत्रणा असते, तिथे नळी अजिबात घालू नका.

तळ सगळ्यात शेवटी. २५-३० सेंटिमीटरवरून, एकावर एक अर्धे पट्टे चढतील असं. फार जाड थर खाली ओघळतो आणि आतून सुकत नाही. दोन पातळ हात बरे. मेण थंड आणि घट्ट असेल तर डबा कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. आगीजवळ नेऊ नका, त्यातलं द्रावण पेटतं. याच कारणाने काम उघड्या हवेत करा. पुढे कधी वेल्डिंगची वेळ आली तर वेल्डरला मेण लावलंय हे आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी निचऱ्याची भोकं पुन्हा टोचून उघडी करा. हे विसरलात तर मेणानेच ती बुजतात, पेटीत पाणी साठतं आणि केलेलं काम उलटतं. पिशव्या सोडल्यावर मोकळ्या जागेत हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक तपासा. पहिले काही दिवस वास येईल, उडालेल्या थेंबांमुळे सायलेन्सरवरून थोडा धूरही.

उत्तरध्रुव

धुण्याबद्दल आणि पार्किंगबद्दल.

तापमान १० अंशांनी वाढलं की गंजण्यासारख्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. चिखल-मिठाचा बर्फ चिकटलेली गाडी तापवलेल्या पार्किंगमध्ये आठ तास उभी राहिली तर बर्फ वितळतो, खारं पाणी शिवणीत झिरपतं, वर ऊब आणि हवा. संध्याकाळी बाहेर काढली की पुन्हा नवा थर. रोज हे चक्र फिरणं उघड्यावर गोठून राहण्यापेक्षा वाईट आहे.

पण गोठलं की गंज थांबला, असंही नाही. मीठ आणि पाणी २३ टक्क्यांच्या प्रमाणात असेल तर ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं. कॅल्शियम क्लोराइडचं तर सुमारे उणे ५० पर्यंत. म्हणून कडाक्याच्या थंडीतही सांध्यातला ओलावा जिवंत असतो, फक्त संथ.

मार्ग असा: तापवलेल्या जागी नेण्याआधी तळावर पाणी मारा. मीठ निघालं की तीच ऊब गाडी सुकवायच्या कामी येते.

किती वेळा, याला "दर आठवड्याला" हे ठोकळेबाज उत्तर मला पटत नाही. मिठाच्या काळात दहा ते चौदा दिवसांतून एकदा, आणि रस्ते वितळून वाहू लागले की त्या दोन दिवसांत नक्की. तापमान शून्याच्या वर असेल तो दिवस धरा. जोरापेक्षा पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं. बागेला पाणी देणारा फिरता फवारा गाडीखाली सरकवून प्रत्येक जागी दहा मिनिटं चालू ठेवला तरी तळ चांगला निघतो. प्रेशर वॉशर वापरत असाल तर ३० सेंटिमीटर लांब धरा. बेअरिंगच्या सीलवर, कनेक्टरवर, रेडिएटरच्या पात्यांवर थेट झोत नको. यांत्रिक धुलाई केंद्रात तळासाठी पुन्हा वापरलेलं पाणी असेल तर त्यात आधीच्या गाड्यांचं मीठ असू शकतं. शेवटचा फवारा ताज्या पाण्याचा आहे ना, ते विचारा.

चाकांच्या कमानीची आतली कड बोटाने पुसून बघा. तिथे मातीचा थर बसलेला असतो आणि वरवरच्या पाण्याने तो हलत नाही. धुऊन झाल्यावर दारांची रबरं कोरडी करून सिलिकॉन लावा, नाहीतर रात्री दारं गोठून चिकटतील. मग थोडं चालवून ब्रेक दाबून डिस्क सुकवा.

सगळ्यात मोठी धुलाई वसंतात. शेवटचं मीठ पडून गेलं की थंडी संपली म्हणून लोक सोडून देतात, पण खरा वेग तेव्हाच येतो, कारण मीठ तसंच आहे आणि हवा उबदार झाली आहे.

आतल्या बाजूचंही बघा. बुटांवरचा बर्फ वितळून गालिच्याखालच्या फोममध्ये जातो, आणि तो फोम उन्हाळ्यापर्यंत ओला राहू शकतो. फरशीचा पत्रा मग वरून गंजतो. उंच कडा असलेले रबरी मॅट घाला, त्यातलं पाणी बाहेर ओता, अधूनमधून गालिचा तळहाताने दाबून ओल तपासा.

लोहभस्म

@उत्तरध्रुव, पार्किंगबाबत तुमचं बरोबर. एवढीच पुस्ती की तिथे हवा खेळती आहे का तेही बघायला हवं. ऊब असून हवा कोंडलेली असेल तर धुतलेली गाडीही तासन्‌तास सुकत नाही.

नळीवाला

सगळे पत्र्याबद्दल बोलताहेत. पत्र्याला भोक पडलं तर पैसे जातात. ब्रेकची नळी फुटली तर जीव जाऊ शकतो.

ब्रेकची नळी बहुतेक गाड्यांत ४.७५ मिलिमीटर व्यासाची पोलादी असते, भिंत ०.७ मिलिमीटरच्या आसपास. जोरात ब्रेक दाबला की आत १०० बारहून जास्त दाब तयार होतो. गंज बहुधा प्लास्टिकच्या क्लिपखाली धरतो, कारण क्लिप आणि नळी यांच्यामध्ये खारी माती अडकते. उघडी नळी ठणठणीत दिसते, आणि क्लिप उचलली की खाली खवले. दुसरी जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, जिथे हात पोचत नाही. मेण मारताना प्रत्येक क्लिपच्या दोन्ही बाजूंनी आणि नळी-होजच्या जोडावर मुद्दाम मारा.

वरवरचा तपकिरी रंग पुसला जात असेल तर स्वच्छ करून मेण लावा. नळी फुगलेली, खवले सुटणारी किंवा खड्डे पडलेली असेल तर बदलायची. तिला खरवडून बघू नका. बदलताना तांबं-निकेलची नळी घ्या, साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. ती मिठाला दाद देत नाही आणि हाताने वळते. टोकं गाडीच्या मूळ नमुन्याप्रमाणेच फ्लेअर करायची, म्हणजे बाहेरच्या बाजूला पसरवायची. दाबून बसवायचे पाण्याच्या नळासारखे जोड ब्रेकला कदापि चालत नाहीत. एक नळी गेली असेल तर तिच्या जोडीच्या नळ्यांचंही वय तेच आहे, सगळ्या तपासून घ्या.

पेट्रोलची नळी आणि टाकीत जाणारा भरण्याचा गळा, या दोन्ही जागा मागच्या चाकाच्या शिंतोड्यात असतात. पेट्रोलचा वास आला तर आधी तिथे बघा.

अ‍ॅलॉयची चाकं असतील तर पोलादी हबशी (चाक ज्यावर बसतं तो भाग) ती गंजाने चिकटून बसतात. हिवाळी टायर चढवताना हबची चाकाला टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने साफ करून अँटीसीझचा, म्हणजे धातू चिकटू न देणाऱ्या लेपाचा, अगदी पातळ हात द्या. बोल्टच्या आट्यांना लावू नका, टॉर्क, म्हणजे घट्ट पिळण्याचा जोर, चुकतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

हिमवाट

सगळ्यांचे आभार. आवरणं काढून तळ बघितला. तीन गोष्टी दिसल्या:

उजव्या मागच्या कमानीच्या कडेला रंगाखाली मसुराएवढा एक फोड, सुमारे ६ मिलिमीटर. मागच्या अ‍ॅक्सलवर सगळीकडे तपकिरी रंग, पण गुळगुळीत. डाव्या सिलवर जॅक लावायच्या जागी कारखान्याचा काळा लेप तळहाताएवढा सुटला आहे, बोटाने उचलला जातो.

यांच्यावरून तसंच मेण मारू की आधी काही करू?

पत्राकाम

अ‍ॅक्सलपासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. तिथला धातू जाड असतो, वरवरच्या तपकिरीने त्याचं काही बिघडत नाही. ब्रश, धूळ पुसणं, मेण.

जॅकची जागा. सुटलेला लेप पूर्ण काढा. हीट गनने कोमट करून प्लास्टिकच्या खरवडणीने, जिथे तो पत्र्याला घट्ट धरून आहे तिथपर्यंत. धूर नाकात जाऊ देऊ नका. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. खणखणीत आला तर पत्रा शाबूत. बद्द आला किंवा पत्रा दबला तर तिथे कापून वेल्डिंगच करावं लागेल. ही जागा गाडीचं वजन पेलते, तिथे लांबी (पुट्टी) भरून भागवणं धोक्याचं आहे. पत्रा शाबूत असेल तर गंज काढून इपॉक्सी प्रायमर, शिवणीवर सीलंट, रंग, आणि शेवटी मेण. पुढे जॅक लावताना मध्ये रबरी ठोकळा ठेवा. लेप जॅकच्या लोखंडानेच फुटतो.

आता फोड, तो मुळीच हलक्यात घेऊ नका. फोडाच्या माथ्यावर खड्याचा टवका दिसतो का ते भिंगाने बघा. टवका असेल तर गंज बाहेरून आला, स्वस्तात सुटलात. गाडीला मीठ लागलेलं नाही, त्यामुळे ती शक्यता जास्त. टवका नसेल तर कडेच्या आत बोट फिरवा. तिथे खरखरीत लागलं तर गंज दोन पत्र्यांच्या मधून आलाय.

रंग फोडाच्या चहूबाजूंनी २०-२५ मिलिमीटर जास्तीचा काढा. गंज रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला असतो, दिसतो त्याहून मोठा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू येईपर्यंत, मग १८० नंबरने कडा उतरत्या. टाचणीएवढं जरी आरपार भोक दिसलं तरी थांबा, ते काम कापून नवा पत्रा जोडण्याचं आहे. भोक नसेल आणि फक्त बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरले असतील, तर तेवढ्यावर गंज बदलणारं रसायन लावा. टॅनिक आम्लाचं असेल तर जागा निळी-काळी होते. जाड पापुद्र्यावर ते काम करत नाही, वरचा थर बदलतो आणि खालचा तसाच राहतो. फॉस्फरिक आम्लाचं वापरलंत तर उरलेलं आम्ल डब्यावर सांगितल्याप्रमाणे काढून टाका, नाहीतर वरचं प्रायमर सुटतं.

मग दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, दोन हात. लांबी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबी पाणी शोषते. त्यावर रंग, त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. डब्यातलं साधं करडं प्रायमर मारून "रंग वसंतात करू" असं ठेवू नका. ते सच्छिद्र असतं, एका हिवाळ्यात खालून पुन्हा फुगतं.

रंग पूर्ण वाळल्यावर त्याच कडेला आतल्या बाजूने पातळ मेण मारा. बाहेरचं काम कितीही सुबक झालं तरी आतून मेण नसेल तर ते टिकणार नाही.

पाना१३

थोडं राहिलं होतं. हा धागा वाचणाऱ्या कुणाची विजेवर चालणारी गाडी असेल तर बॅटरीच्या पेटीचे दाब सोडणारे व्हॉल्व्ह, उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबली आणि त्यांचे कनेक्टर यांवर काहीही फवारू नका. सिल, दारं, कमानी आणि सस्पेन्शन मात्र इतर गाड्यांसारखंच गंजतं, तिथे मेण हवंच. उचलतानाही बॅटरीच्या पेटीखाली जॅक लावायचा नाही.

हिमवाट

शेवटचा प्रश्न. पुढच्या वर्षी आधीचं मेण काढून नवं मारायचं की त्यावरच?

लोहभस्म

त्यावरच, पण त्याच प्रकारचं. वसंतातल्या धुलाईनंतर तळ सुकला की दिव्याच्या उजेडात चारही चाकांच्या मागची जागा, मागचे आर्म आणि सिलची खालची शिवण बघा, खड्यांचा मार तिथेच बसतो. पत्रा उघडा पडलेला दिसेल किंवा मेण कोरडं पडून नखाने चुऱ्यासारखं निघत असेल तेवढाच भाग घासून पुन्हा मारा. बोट फिरवल्यावर चिकट, सलग थर लागला तर हात लावू नका. दुसऱ्या वर्षापासून एवढ्याला अर्धा-पाऊण लिटर पुरतं.

पोकळ्यांसाठी मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो. सिलच्या बुचातून आत घालून बघा. सगळीकडे ओलसर, पिवळट चकाकी असेल तर ठीक. मधे करडा, सुका पट्टा दिसला तर पहिल्या वेळी नळी तिथे जास्त वेगाने ओढली गेली होती. तेवढ्याच भागात पुन्हा मारा आणि दुसऱ्या दिवशी निचऱ्याची भोकं टोचा.